निद्रारोगाचा अस्त, गुरांचा विसर

केनिया निद्रारोगाच्या तावडीतून सुटल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२५ मध्ये केली. हा मान मिळवणारा तो दहावा देश. त्याआधी टोगो, आयव्हरी कोस्ट, बेनिन, युगांडा, विषुववृत्तीय गिनी, रवांडा, घाना, चाड आणि गिनी या देशांची नावे २०२० पासून एकेक करून या यादीत आली होती. एकेकाळी गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या या रोगाचे नवे रुग्ण २०१८ पासून साऱ्या आफ्रिका खंडात मिळून वर्षाला एक हजाराच्याही आत आहेत. आरोग्याच्या क्षेत्रात असे निर्विवाद यश क्वचितच पदरी पडते.

मात्र या यशाला एक दुसरी बाजू आहे आणि ती गोठ्यात दडलेली आहे. निद्रारोग ज्या कुळातील परजीवींमुळे होतो, त्याच कुळातील परजीवी आफ्रिकेत दरवर्षी सुमारे तीस लाख गुरांचा बळी घेतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. माणसासाठी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत उपचारांच्या तीन नव्या पद्धती पुढे आल्या. गुरांना मात्र आजही तेच औषध टोचले जाते, जे त्यांच्या मालकांचे आजोबा टोचत होते. एकाच शत्रूशी चाललेल्या लढाईची ही दोन टोके एकमेकांपासून इतकी दूर का गेली, हा प्रश्न केवळ आफ्रिकेपुरता नाही. याच कुळातील एका परजीवीने माणसाला गाठल्याची पहिली सिद्ध झालेली घटना आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आहे, याचा विसर पडू देता येणार नाही.

रूप पालटणारा शत्रू

ट्रायपॅनोसोम हा एकपेशीय प्राणी. सूक्ष्मदर्शकाखाली तो रक्तपेशींच्या गर्दीतून वळवळत जाणाऱ्या चिमुकल्या माशासारखा दिसतो. त्याच्या काही जाती आफ्रिकेतील त्सेत्सी माशीच्या दंशातून पसरतात. माणसात त्यांच्यामुळे निद्रारोग होतो आणि गुरांत 'नगाना' नावाचा क्षयकारी आजार. निद्रारोगाचेही दोन प्रकार आहेत. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गॅम्बिएन्स हा प्रकार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे अंगात मुरतो. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे. पूर्व व दक्षिण आफ्रिका खंडातील रोडेसिएन्स हा प्रकार काही आठवड्यांतच जिवावर उठतो आणि त्याचे खरे आगर म्हणजे रानटी जनावरे आणि गुरेढोरे. सुरुवातीस ताप, डोकेदुखी, सांधेदुखी. पुढे परजीवी मेंदूत शिरले की रुग्णाच्या झोपेचे चक्रच उलटते. तो दिवसा पेंगतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, नात्यातली माणसे ओळखेनासा होतो. उपचार न मिळाल्यास शेवट बहुधा ठरलेला असतो.

या रोगावर लस का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर या परजीवीच्या अंगरख्यात आहे. त्याच्या पृष्ठभागावर एकाच प्रथिनाचे दाट आवरण असते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती ते आवरण ओळखून हल्ला चढवते, बहुतेक परजीवी मारले जातात. पण तोवर त्यांतल्या काहींनी दुसराच अंगरखा चढवलेला असतो. अशा अंगरख्यांचे नमुने त्याच्या जनुकांत हजाराहून अधिक आहेत. एका हल्ल्यातून शिकून तयार झालेली प्रतिपिंडे पुढच्या वेळी निरुपयोगी ठरतात. रुग्णाचा ताप लाटांसारखा चढतो-उतरतो, तो यामुळेच. २०२१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी गुरांतील एका जातीच्या ट्रायपॅनोसोमच्या कशाभिकेवर न बदलणारे एक प्रथिन शोधले आणि त्यावर आधारित लसीने उंदरांना संरक्षण मिळाल्याचे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या क्षेत्रातली ही मोठी बातमी होती. पण उंदीर आणि बैल यांत बरेच अंतर आहे.

लस नाही म्हणजे भिस्त औषधांवर आणि माशीच्या बंदोबस्तावर. त्या दोहोंचा इतिहास वसाहतींच्या इतिहासाशी घट्ट बांधलेला आहे. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा पहिला ट्रायपॅनोसोम सापडला तो आफ्रिकेत नव्हे, तर अविभाजित पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला १८८० मध्ये तो घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात आढळला. त्या आजाराला 'सर्रा' म्हणत आणि इंग्रजी शब्दकोशांत या शब्दाचे मूळ मराठी असे नोंदवलेले आढळते. धापा टाकणाऱ्या जनावराच्या श्वासाचा आवाज, असा त्याचा अर्थ दिला जातो. पंधरा वर्षांनी, १८९५ मध्ये, डेव्हिड ब्रूस यांनी झुलूलँडमध्ये नगानाचे कारण शोधले. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी युगांडात निद्रारोगाची जी साथ आली, तिने अडीच लाखांच्या आसपास माणसे नेली. वसाहतीचे सरकार हादरले. काठावरची वस्ती सक्तीने हलवण्यात आली. पुढे दक्षिण ऱ्होडेशियात तर माशीला रक्तच मिळू नये म्हणून लाखो रानटी जनावरांची कत्तल झाली.

औषधे आली ती जर्मनीतील रंगांच्या कारखान्यांतून आणि सोमलाच्या कुपीतून. पॉल एर्लिख यांनी १९०४ मध्ये रंगद्रव्याने उंदरांतील ट्रायपॅनोसोम मारून दाखवले आणि रसायनांनी रोग बरा करण्याच्या आधुनिक शास्त्राचा तिथे पाया घातला गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बायर कंपनीने सुरामिन शोधले. त्याला शंभर वर्षे उलटली, तरी ते औषध अजून वापरात आहे. यातच या रोगाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचे मोजमाप मिळते.

औषध होते, गिऱ्हाईक नव्हते

मेंदूत शिरलेल्या रोगावर १९४९ पासून मेलार्सोप्रॉल हे एकच परिणामकारक औषध होते. ते सोमलाचे संयुग. ते ज्या द्रावणात मिसळत, तो द्राव शिरेला इतका दाहक की रुग्ण त्याचे वर्णन अंगात आग शिरल्यासारखे करीत. औषध घेणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे पाचच्या आसपास रुग्ण रोगाने नव्हे, औषधानेच दगावत. तरीही डॉक्टर ते टोचत आणि रुग्ण टोचून घेत. कारण न टोचल्यास मृत्यू अटळ होता. ही निवड आफ्रिकेतील ग्रामीण दवाखान्यांत पन्नासहून अधिक वर्षे रोज केली गेली.

पर्याय नव्हता असे नाही. कर्करोगासाठी शोधलेले एफ्लॉर्निथीन हे औषध निद्रारोगावर गुणकारी असल्याचे ऐंशीच्या दशकात दिसून आले. बेशुद्धीच्या काठावरचे रुग्ण उठून बसू लागले, म्हणून त्याला पुनरुत्थानाचे औषध असे नावही पडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये त्याला मान्यता दिली. पण ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या खिशात पैसा नव्हता. नव्वदच्या दशकात उत्पादन थांबवण्यात आले आणि साठा संपत आला.

यानंतर जे घडले ते कादंबरीकाराला सुचले असते, तर अतिशयोक्त वाटले असते. हेच रसायन स्त्रियांच्या चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांची वाढ रोखते, असे आढळले आणि २००० मध्ये त्याचे मलम अमेरिकेच्या बाजारात आले. म्हणजे रसायन तयार होत होते, कारखाना चालू होता. फक्त इंजेक्शन मिळत नव्हते. 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या स्वयंसेवी डॉक्टरांच्या संघटनेने हा विरोधाभास जगासमोर मांडला. या संघटनेला १९९९ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि तिच्या शब्दाला वजन होते. मे २००१ मध्ये अॅव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार करून एफ्लॉर्निथीन, मेलार्सोप्रॉल आणि पेंटामिडीन ही तीनही औषधे पाच वर्षे विनामूल्य पुरवण्याचे मान्य केले. तपासणीच्या फिरत्या पथकांसाठी पैसाही दिला. सुरामिन आणि निफुर्टीमॉक्स बायरने देऊ केले. हे करार पुढे वेळोवेळी वाढवले गेले.

कंपनीने हे लोकलज्जेस्तव केले की उदारपणे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परिणाम महत्त्वाचा. १९९८ मध्ये नोंदलेल्या रुग्णांचा आकडा चाळीस हजारांच्या घरात होता आणि न नोंदलेले तीन लाख असावेत, असा अंदाज होता. २००९ मध्ये तो पन्नास वर्षांत प्रथमच दहा हजारांच्या खाली उतरला.

मात्र फुकट मिळालेले औषधही रानातल्या दवाखान्यापर्यंत न्यावे लागते. एफ्लॉर्निथीनची पूर्ण मात्रा म्हणजे चौदा दिवस, दर सहा तासांनी एक, अशा छप्पन्न सलाइन. एका रुग्णाचा संच पेट्यांनी न्यावा लागे आणि जिथे वीज नाही, स्वच्छ पाणी नाही, तिथे रात्री दोन वाजता सलाइन लावणारी परिचारिका लागे. २००९ मध्ये निफुर्टीमॉक्सच्या गोळ्यांची जोड देऊन हा उपचार सात दिवसांच्या चौदा सलाइनवर आणला गेला. निफुर्टीमॉक्स हे मुळात याच कुळातील शागास रोगाचे, दक्षिण अमेरिकेतील औषध. कोणताही नवा रेणू न शोधता, हातातली दोन जुनी औषधे नीट जुळवून साधलेली ही प्रगती होती. मेलार्सोप्रॉलचा काळ गॅम्बिएन्सपुरता तिथे संपला.

खरा पालट झाला तो गोळीने. दुर्लक्षित रोगांवर औषधे शोधण्यासाठी जिनिव्हात २००३ मध्ये 'डीएनडीआय' ही बिगर नफा संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. या संस्थेने जुन्या, अडगळीत पडलेल्या शेकडो संयुगांची छाननी केली आणि २००५ मध्ये तिला फेक्सिनिडाझोल सापडले. होक्स्ट कंपनीने ते काही दशकांपूर्वी तयार करून सोडून दिले होते. होक्स्टचा वारसा कंपन्यांच्या विलीनीकरणांतून सनोफीकडे आला होता. म्हणजे ज्या घराण्याने एफ्लॉर्निथीन थांबवले, त्याच घराण्याच्या कपाटात हे औषध पडून होते. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१२ पासून ३९४ रुग्णांवर चाचणी झाली. नद्या ओलांडून, जनरेटर आणि सूक्ष्मदर्शक डोक्यावर वाहून नेत ती पार पाडावी लागली. अठरा महिन्यांनंतर ९१ टक्के रुग्ण बरे असल्याचे दिसले. सलाइनच्या उपचारात हे प्रमाण ९८ टक्के होते. आकडा थोडा कमीच. त्यामुळे मेंदूत रोग फार बळावलेल्या रुग्णांसाठी सलाइनच राखून ठेवण्यात आले. इतरांना दहा दिवस, पोटभर जेवणाबरोबर गोळ्या. २०१८ च्या अखेरीस युरोपीय औषध संस्थेने अनुकूल अभिप्राय दिला आणि काँगोने मान्यता दिली. पूर्वेकडील रोडेसिएन्स प्रकारासाठीही डिसेंबर २०२३ मध्ये तसाच अभिप्राय मिळाला. त्या रुग्णांच्या बाबतीत सोमलाची सुटका व्हायला पाऊणशे वर्षे लागली.

पुढचे पाऊल अकोझिबोरोलचे. बोरॉनयुक्त असे हे नवे रसायन. तीन गोळ्या, एकाच वेळी, एकदाच. काँगो व गिनीतील २०८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात रोग बळावलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्ण अठरा महिन्यांनी निरोगी आढळले. या गोळीचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. आजवर उपचारापूर्वी रक्तात परजीवी दिसावा लागे आणि मेंदूची अवस्था ठरवण्यासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढावे लागे. औषध इतके जहाल की खात्रीशिवाय देणे पाप. एका मात्रेचे निर्धोक औषध हाती आले, तर रक्तचाचणीत नुसता संशय आलेल्यालाही गावातच गोळी देता येईल. काहीही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे परजीवी बाळगणारी माणसे असतात, त्वचेतही तो दडून राहतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. या छुप्या वाहकांपर्यंत पोहोचल्याशिवाय गॅम्बिएन्सचा प्रसार २०३० पर्यंत पूर्ण थांबवण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट गाठता येणे कठीण आहे. आज जी 'उच्चाटना'ची प्रमाणपत्रे दिली जात आहेत, त्यांचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात पाच वर्षांच्या सरासरीने दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच आहे. रोग शून्य झाला, असा नाही.

गोठ्यातला रोग

आता गुरांकडे वळू. सहाराच्या दक्षिणेस सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरचा प्रदेश त्सेत्सीने व्यापलेला आहे. पाऊस भरपूर, गवत मुबलक. पण गाय टिकत नाही. म्हणून त्याला हिरवे वाळवंट म्हणतात. बैल नाही म्हणजे नांगर नाही, शेणखत नाही, दूध नाही. हाताच्या कुदळीने खणता येईल तेवढीच शेती. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला बैलजोडी गेली म्हणजे काय होते, हे सांगावे लागत नाही. तिथे ही अवस्था पिढ्यान् पिढ्या आहे. शेतीचे वार्षिक नुकसान पावणेपाच अब्ज डॉलरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते.

या गुरांसाठी औषधे मोजून तीन-चार. डायमिनाझीन १९५५ मध्ये आले. आयसोमेटामिडियमने तीन-चार महिने संरक्षण मिळते, तेही त्याच पिढीतले. होमिडियम तर जनुकांना इजा करणारे म्हणून संशयास्पद. वर्षाला साडेतीन कोटींच्या आसपास मात्रा टोचल्या जातात, असा जुना अंदाज आहे आणि त्या बहुतांशी पशुपालक स्वतःच टोचतात. बाजारातून पुडी आणायची, पाण्यात कालवायची, जनावराचे वजन नजरेने अजमावायचे. पैसे वाचवण्यासाठी एका जनावराची मात्रा दोघांत वाटायची. पुडीत औषध किती आणि भेसळ किती, याचीही खात्री नसते. अर्धवट मात्रेतून जे परजीवी वाचतात, ते औषधाला दाद न देणारी पुढची पिढी घडवतात. अनेक देशांत असा प्रतिकार नोंदला गेला आहे. यात पशुपालकाला दोष देणे सोपे आहे. पण सरकारी पशुवैद्यकीय सेवा नव्वदच्या दशकात खर्चकपातीखाली मोडीत निघाल्यावर त्याच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता?

माणसाच्या औषधाला निदान दातृत्व लाभले. गुराच्या औषधाला तेही नाही. मरणाऱ्या माणसाचे छायाचित्र दात्याचे मन हेलावते, हडकलेल्या गायीचे नाही. आणि बाजार म्हणावा तर जो पशुपालक एका सुईला काही रुपयांच्या मोलाने पैसे देतो, त्याच्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्चून नवे औषध कोण शोधणार? काही पर्याय निसर्गानेच दिले आहेत. पश्चिम आफ्रिकेतील एन्डामा जातीची ठेंगणी गुरे हजारो वर्षांच्या सहवासाने या परजीवीला बऱ्यापैकी सहन करतात. मात्र त्यांचे दूध कमी, अंगकाठी लहान. म्हणून शेतकरी मोठ्या जातींकडे वळतो आणि पुन्हा औषधाच्या दारात येतो.

माणूस आणि गुरे यांचा रोग वेगळा ठेवता येत नाही, याचा दाखला युगांडाने दिला. १९९८ मध्ये सोरोटी जिल्ह्यात रोडेसिएन्सचे रुग्ण आढळू लागले, जिथे ते पूर्वी नव्हते. तपासाअंती धागा गुरांच्या बाजारापाशी पोहोचला. रोगग्रस्त भागातून विक्रीस आलेल्या गुरांच्या रक्तातून परजीवी नव्या मुलखात गेला होता. विक्रीपूर्वी गुरांना औषध टोचण्याचा नियम होता, तो पाळला जात नव्हता. २००६ मध्ये युगांडात जी मोहीम सुरू झाली, ती म्हणूनच माणसांना नव्हे, गुरांना सुई देण्याची होती. गुरांवर औषध, आणि त्यांच्या पायांवर व पोटाखाली कीटकनाशकाची फवारणी. कारण त्सेत्सी बहुधा तिथेच चावते. साऱ्या अंगावर फवारण्यापेक्षा खर्च कितीतरी कमी. गाय हीच माशीसाठी चालता-बोलता सापळा ठरली.

माशीच्या बंदोबस्तात अशी शहाणपणाची, स्वस्त साधने अलीकडे वाढली आहेत. त्सेत्सी मादी इतर माश्यांसारखी शेकडो अंडी घालत नाही. नऊ-दहा दिवसांनी एकेक अळी जन्मास घालते. पुनरुत्पादन इतके संथ की रोज थोड्या माश्या मारल्या तरी संख्या कोसळते. निळ्या रंगाकडे ती ओढली जाते, म्हणून नदीकाठी निळ्या कापडाचे आणि काळ्या जाळीचे, कीटकनाशकात बुडवलेले वीतभर-हातभर फलक रोवले जातात. गिनीच्या किनाऱ्यावरील बोफा येथे या फलकांची कसोटी अनपेक्षितपणे लागली. इबोलाच्या साथीत निद्रारोगाची तपासणी बंद पडली. नदीच्या ज्या काठावर फलक होते, तिथे रोग दबलेला राहिला. पलीकडच्या काठावर, जिथे ते नव्हते, तो पुन्हा वर आला. झांझिबारच्या उंगुजा बेटावर तर १९९४ ते १९९७ या काळात किरणोत्साराने वंध्य केलेले लाखो नर विमानातून सोडून माशीचा समूळ नायनाट करण्यात आला. पण ते बेट होते. खंडभूमीवर मोकळ्या केलेल्या प्रदेशात शेजारच्या जंगलातून माशी परत येते आणि हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मुळात हा रोग एकदा जवळपास संपलेला होता, हे आजच्या जल्लोषात आठवले पाहिजे. कॅमेरूनमध्ये युजीन जामो या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १९२० च्या दशकात फिरती पथके उभारली. गावोगाव जाऊन प्रत्येकाची मान चाचपायची, रक्त तपासायचे, जागीच औषध द्यायचे. त्या पद्धतीत सक्ती होती, जुलूमही होता. पण साठच्या दशकाच्या मध्यास साऱ्या आफ्रिकेत वर्षाला पाच हजारांहून कमी रुग्ण उरले. मग देश स्वतंत्र झाले, यादवी युद्धे पेटली, पथके मोडली आणि 'आता रोग उरला कुठे' म्हणून पैसा दुसरीकडे वळला. तीस वर्षांत रोग पुन्हा होता तिथे आला. आजचे आकडे त्या वेळच्या आकड्यांहून बरेच खाली आहेत हे खरे. पण ब्रिटनने २०२१ मध्ये दुर्लक्षित रोगांवरील मदत आखडती घेतली आणि अमेरिकेच्या 'यूएसएड'चे काम जुलै २०२५ पासून थांबले. निम्म्याहून अधिक रुग्ण ज्या काँगोत आहेत, तिथे पूर्वेकडे बंदुका शांत झालेल्या नाहीत. पाचशे रुग्णांचा शोध घेण्याचा खर्च पाच हजारांचा शोध घेण्याहून फारसा कमी नसतो, किंबहुना दर रुग्णामागे तो वाढतच जातो. अर्थखात्याला नेमके हेच पटवणे अवघड असते.

चंद्रपूरची नोंद

भारतात त्सेत्सी नाही, म्हणून निद्रारोगही नाही. पण सर्रा आहे. त्याचा परजीवी, ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी, त्सेत्सीवर अवलंबून राहिलेला नाही. गोमाशी एका जनावराला चावून लगेच दुसऱ्याला चावली की तिच्या सोंडेवरच्या रक्तातून तो पसरतो. या मोकळिकीमुळे तो आशिया आणि दक्षिण अमेरिकेत गेला; उंटांबरोबर २००६ मध्ये फ्रान्समध्ये आणि २००८ मध्ये स्पेनमध्येही उतरला. घोडा आणि उंट त्याने झुरून मरतात. गायी-म्हशींत तो बऱ्याचदा गुपचूप राहतो. दूध आटते, गाभण जनावर गाभडते, कामाचा बैल गळून जातो आणि दोष चाऱ्यावर किंवा उन्हावर ढकलला जातो. पावसाळ्यात व त्यानंतर गोमाश्या वाढल्या की त्याचा जोर वाढतो. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये डझनभर वाघ याच रोगाने गेले, तेव्हा देशभर गहजब झाला होता. गोठ्यातील म्हशींसाठी असा गहजब होत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सर्रामुळे देशातील पशुधनाचे वार्षिक नुकसान सुमारे ४,४७४ कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला.

माणसाला हा परजीवी बाधत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत. आपल्या रक्तात 'एपीओएल-१' नावाचे एक प्रथिन असते, ते परजीवीच्या शरीरात शिरून त्याला फोडते. निद्रारोगाच्या दोन्ही प्रकारांनी त्यावर आपापली तोड शोधली आहे, इव्हान्सीने नाही. त्यामुळेच २००४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात, वारंवार येणाऱ्या तापाच्या तपासात, वळवळणारे ट्रायपॅनोसोम दिसले तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनाही क्षणभर विश्वास ठेवणे जड गेले असेल. जागतिक आरोग्य संघटनेला कळवण्यात आले. परजीवी इव्हान्सीच असल्याचे सिद्ध झाले. शंभर वर्षांपूर्वीचे सुरामिन देण्यात आले आणि रुग्ण बरा झाला. गावातील १,८०६ जणांचे रक्त तपासले गेले. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली, म्हणजे त्यांचा परजीवीशी संबंध आला असावा. पण परजीवी कोणाच्याही रक्तात सापडला नाही. २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या कोड्याचा उलगडा झाला. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष होता. त्याच्या रक्तात ते संरक्षक प्रथिन तयारच होत नव्हते.

लाखांत एखाद्याच्या नशिबी येणारा योग, म्हणून प्रकरण तिथे मिटले असते. पण २०१६ मध्ये व्हिएतनाममधील एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या जनुकांत कोणताही दोष नव्हता, तरी तिला इव्हान्सीची लागण झाली. गोमांस कापताना झालेल्या जखमेतून ती झाली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. निसर्गाने दिलेले कवच सर्वांसाठी सर्वकाळ अभेद्य नाही, इतके त्यातून स्पष्ट झाले.

आपल्याकडे सर्रावर क्विनापायरामीन आणि डायमिनाझीन मिळते. दोन्ही पन्नासच्या दशकाच्या आगेमागे आलेली. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाच्या निदानावर आणि त्याच्या प्रसारावर काम करते. पण गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताप आलेल्या म्हशीचे रक्त काचपट्टीवर घेऊन पाहिले जाण्याऐवजी अनेकदा अंदाजानेच सुई दिली जाते. परजीवी रक्तात थोडे असले, तर सूक्ष्मदर्शकाखालीही ते हुकतात. आणि माणसाच्या बाबतीत तर चंद्रपूरचा रुग्ण सापडला तो केवळ मलेरियाच्या शोधात कोणीतरी काचपट्टी नीट पाहिली म्हणून. आज मलेरियाची तपासणी मोठ्या प्रमाणावर झटपट चाचणीच्या पट्टीवर होते. त्या पट्टीवर मलेरिया आहे किंवा नाही, एवढेच उमटते. ट्रायपॅनोसोम असला, तरी तो तिला दिसत नाही.